लिंबाचं, नारळाचं, बोकडाचं

अकोल्याच्या ज्या जिनात मी नोकरी केली, तिथे अपघात मोजायची दोन मापं होती. एक मॅनेजरसाहेबांचं, दुसरं रेच्यांवर बसणाऱ्या बायांचं. सुरुवातीला मला दोन्ही सारखीच वेडगळ वाटली, आणि मी तसं दोन्हीकडे तोंडावर सांगूनही टाकलं. तोंड आवरणं आमच्या घरात कोणालाच जमलं नाही. वडील अमरावतीचे शाळामास्तर. त्यांच्या फटकळपणापायी दर्यापूर काय, अंजनगाव काय, बदल्यांवर बदल्या झाल्या, आणि आईने दर वेळी कपाळाला हात लावून भांडी बांधली. मी त्यांचीच लेक.

आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशातून नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची ही गोष्ट. कारखान्यात बाया कामाला असतील तर त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर हवं, हा कायदा होऊन बरेच दिवस झाले होते, पण आमच्या जिनाला तो सावकाश आठवला. त्यांना मॅट्रिक झालेली आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेली बाई हवी होती. माझ्याकडे दोन्ही होतं, शिवाय अकोल्यात सख्खी मावशी होती. मावशी नसती तर प्रमाणपत्राला कोणी विचारलं नसतं. बडनेऱ्याला गाडीत बसवून देताना वडील एवढंच म्हणाले, "भांडण झालं तर आधी ऐकून घे, मग भांड." स्वतः त्यांनी हे कधी केलं नव्हतं.

जीन म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. दिवाळी सरली की कापसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून पार रस्त्यापर्यंत लागायची. आत लांबलचक शेडमध्ये रेच्यांची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांची, ओळ. प्रत्येक रेच्यासमोर फळीवर एक बाई बसलेली, ती मुठीमुठीने कापूस यंत्रात लोटत राहणार. पुढून रुई पडणार, खालून सरकी. हवेत सगळा कापूस. बायांच्या भुवया, पापण्या पांढऱ्या होऊन जायच्या आणि वीस वर्षांची पोरगीही संध्याकाळपर्यंत म्हातारी दिसायची. सगळे रेचे फिरवणारा एक लोखंडी दांडा, शाफ्ट, ओळीच्या मागच्या बोळातून कमरेएवढ्या उंचीवर गरगरत असे. त्यावर झाकायच्या फळ्या होत्या. पण दांड्याखाली साचलेली रुई काढायला फळ्या काढाव्या लागत, आणि काढलेली फळी परत बसवायला हंगामात सवड कोणाला? मी रुजू झाले तेव्हा निम्मा दांडा उघडाच होता. त्याच्या शेजारून सगळे रोज ये-जा करत, मीही करू लागले.

पाळणाघरासोबत औषधाची पेटीही माझ्याच गळ्यात पडली, आणि पेटीसोबत अपघातांची नोंद. साहेब पुण्याकडचे, शिस्तीचे, इस्त्रीच्या कपड्यांतले. माणूस वाईट नव्हता. आमच्या बोलण्याचा त्यांना जरा धसका होता इतकंच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला माप समजावलं. लागलेला माणूस दोन दिवसांच्या आत कामावर आला तर अपघात किरकोळ. नाही आला तर गंभीर, आणि गंभीर असेल तर नागपूरला इन्स्पेक्टरांना कळवायचं. "आणि कळवायची वेळ येऊ नये, हे आपण बघायचं," असं ते हसून म्हणाले.

म्हणजे काय, ते मला लवकरच कळलं. एका बाईची दोन बोटं टोकाशी चेंगरली. घरी खाणारी तोंडं पाच, ती दुसऱ्या दिवशी हात फडक्यात गुंडाळून हजर. किरकोळ. तेल घालणाऱ्या एका गड्याच्या पायाला खिळा ओरखडला, तो त्याच निमित्ताने अंजनगावला चुलत भावाच्या लग्नाला निघून गेला आणि जेवणावळी उरकून परतला. गंभीर! साहेबांची झोप उडाली. त्यानंतर त्यांनी युक्ती काढली. कोणाला जास्त लागलं की त्याला घरून बोलावून आणायचं, फाटकाजवळच्या निंबाखाली स्टुलावर बसवायचं आणि हजेरी लावायची. मनगट मोडलेला एक हमाल असा दोन दिवस निंबाखाली बसून होता. मला राहवेना. मी म्हटलं, "साहेब, हा हजर आहे, पण त्याचा हात गैरहजर आहे, तो कुठे मांडू?" साहेबांनी चष्मा पुसला आणि मला पाळणाघरात जायला सांगितलं.

बायांचं माप वेगळं होतं. शेडच्या दाराशी शेंदूर फासलेला एक दगड होता. यंत्राने कोणाला दुखवलं की त्या दगडापुढे काहीतरी द्यायचं, ही जुनी रीत. खरचटलं, चटका बसला, तर लिंबू. ते जिला लागलं तिने कापायचं. रक्त थांबेना, बोट गेलं, तर नारळ. तो सगळ्या ओळीने मिळून फोडायचा. आणि जीव गेला तर बोकड. बोकड मालकाने द्यायचा. किती मोठं झालं ते ठरवण्याचा मान बुढीमायचा. बुढीमाय म्हणजे ओळीतली पहिल्या रेच्यावरची बाई. वय कोणालाच ठाऊक नाही, दात मोजकेच, पण आवाज इंजिनाच्या वर जायचा. हल्लीच्या शेठजींच्या वडिलांच्या काळात एक गडी गेला होता, तेव्हा बोकड दिला होता, हे तिने पाहिलेलं. थोरले शेठजी पक्के शाकाहारी. बोकड कापला त्या दिवशी ते घरी दार लावून उपाशी बसले होते म्हणे.

मी शास्त्र शिकलेली. माझा पारा चढला. "आधी माझ्याकडे यायचं, मग लिंबू कापत बसायचं," असं मी ओळीसमोर उभी राहून बजावलं. बुढीमायने ऐकून घेतलं आणि मान डोलावली. त्या दिवसापासून बाया पाळणाघराच्या दाराशी येऊन आधी माप सांगायच्या. "बाई, लिंबाचं हाय." मग मी टिंक्चरची छोटी बाटली काढायची. "बाई, नारळाचं!" असा आवाज आला की मी लेकरू खाली ठेवून मोठं बँडेज घेऊन धावायची. खरं सांगते, साहेबांच्या किरकोळ-गंभीरने मला एका शब्दाची मदत कधी केली नाही. ह्या ओरडण्याने मात्र जखम दिसायच्या आधी मला कोणतं फडकं उचलायचं ते कळायचं. पण तरी ते मी मनातल्या मनात ठेवलं. बुढीमायला शाबासकी द्यायची म्हणजे दिवसभर तिचं ऐकून घ्यावं लागलं असतं.

ओळीत शेवटच्या रेच्यावर सर्वांत लहान वयाची बाई बसायची. तिला सगळ्या धाकटी म्हणत. तिचं पोर पाळणाघरातलं सगळ्यांत लहान, चार-पाच महिन्यांचं, आणि रडायला सगळ्यांत खमकं. नवरा रेल्वे मालधक्क्यावर हमाली करायचा. हाताला काम असेल त्या दिवशी असायचं, नसेल त्या दिवशी नसायचं. धाकटीच्या जिनातल्या फळीवरच ते घर उभं होतं. दूध पाजायला ती पाळणाघरात यायची तेव्हा माझ्याशी बोलायची. संक्रांतीला माहेरहून काळी चंद्रकळा आली आहे, सणालाच नेसायची, म्हणून घडी मोडली नाही, असं ती मोठ्या कौतुकाने सांगत होती. संक्रांत तीन दिवसांवर होती.

त्या दुपारी शेडमधून जी आरोळी आली तिच्यात माप नव्हतं, शब्दही नव्हता. मी धावले.

झालं होतं असं. बोळात बुढीमायच्या रेच्यामागे पडलेली रुई गोळा करायला धाकटी वाकली. दांड्यावर फळी नव्हती. पदराचं टोक दांड्याला लागलं आणि गुंडाळलं गेलं. नऊवारी लुगडं, ते सगळं अंगाभोवती. दांडा ओढत गेला आणि ती भोवऱ्यासारखी फिरत दांड्याकडे गेली. तिने रेच्याचा पाय धरला. बुढीमायने आणि शेजारच्या दोघींनी तिच्या कमरेला मिठी घातली. मग टर्रकन आवाज झाला आणि लुगडं फाटलं. अर्धं दांड्यावर फडफडत राहिलं, चिंध्या होईपर्यंत. मी पोहोचले तेव्हा बाया तिच्याभोवती कडं करून उभ्या होत्या, तोंडं बाहेर, पाठी आत, म्हणजे गड्यांना काही दिसू नये. मी माझ्या खांद्यावरची शाल आत दिली. तिला कुठेही लागलं नव्हतं. मी बोटं तपासली, हात तपासले, मान तपासली. एक ओरखडा नव्हता. ती मला सारखं एकच विचारत होती, पोरगं उठलं का म्हणून.

साहेब आले. त्यांनी दांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, जखम नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे काहीच झालं नाही. किरकोळसुद्धा नाही. लिहायचं कारण नाही," ते म्हणाले. आणि बायांकडे वळून, पदर खोचून बसत जा, नाहीतर कामावर येऊ नका, असं दरडावून सांगितलं.

"बोकडाचं हाय," बुढीमाय म्हणाली.

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी मला विचारलं, ही काय म्हणते? मी सांगितलं. ते हसले. "अहो आजी, रक्ताचा थेंब तरी सांडलाय का?"

"सांडाले उशीर किती होता, साहेब?" बुढीमायने विचारलं. "त्यानं लुगडं नाई मांगतलं. त्यानं बाई मांगतली. लुगडं जुनेर होतं म्हून त्याच्या हाती लुगडंच आलं."

साहेब निघून गेले. मीही बुढीमायवरच चिडले. मला धाकटीला घरी पोचवायची घाई होती आणि इथे बोकड काय काढून बसली ही! मी म्हटलं, "बोकड मारून काय होणार आहे?"

"अन् तुमी लिवून काय होते?" ती म्हणाली. "दांडा तसाच फिरते. दोनी सारखंच, बाई." तिच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता, म्हणून मला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. ज्या अपघाताला काहीच नाही म्हणून सोडून दिलं होतं, त्याचे दोन दिवस आता भरत आले होते. ती दुपारपर्यंत आली नाही तर त्यांच्याच मापाने तो गंभीर होणार होता, जखमेशिवाय! इन्स्पेक्टर विचारणार, जखम कुठे? आणि मग विचारणार, फळ्या कुठे? साहेबांच्या कपाळावर थंडीत घाम होता. त्यांनी टांगा मागवला होता. "तिला घेऊन या. काम नको करू म्हणा. नुसती निंबाखाली बसू द्या. आली नाही तर तिची जागा मी दुसरीला देईन, हेही सांगा," ते म्हणाले.

धाकटीचं घर मालधक्क्यापलीकडच्या वस्तीत. ती अंगणात पोराला तेल लावत बसली होती. अंगावर काळी चंद्रकळा, कोरी, कडक. घडीच्या रेघाही अजून मोडल्या नव्हत्या. मी निरोप सांगितला. जागेचंही सांगितलं. आपल्यासारख्या बाईने ते कसं सांगावं हे मला कळत नव्हतं, म्हणून पटकन सांगून मोकळी झाले.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, दुसरं लुगडं लेकराच्या बाळोत्यात गेलं. आता हेच हाय."

मला वाटलं, नवं लुगडं कापसात खराब होईल म्हणते. मी म्हटलं, "अगं, काम करायचं नाहीच. नुसतं बसायचं."

"अन् उद्या? परवा?" तिने पदर माझ्या हातात दिला. "वढून पाहा."

मी दोन्ही हातांनी ओढला.

"जोरात."

मी जोर लावून ओढला. बोटांना वळ उठले. सूत हललं नाही.

"हे फाटत नाई, बाई," ती म्हणाली.

मी पदर सोडला. माझ्याजवळ प्रमाणपत्र होतं, साहेबांजवळ नियम होता, आणि परवा दुपारी आम्ही दोघांनी मिळून त्या पोरीच्या अंगावर जखम शोधली होती. ती वाचली होती ती एका जुनेराच्या कृपेने. ते आता उरलं नव्हतं. पुढच्या खेपेला तिच्या अंगावर माहेरचं धडधाकट सूत असणार होतं. मला त्या वेळी साहेबांपेक्षा, दांड्यापेक्षा, त्या सुंदर चंद्रकळेची जास्त भीती वाटली. मी पोराच्या गालाला हात लावला आणि रिकाम्या टांग्यात येऊन बसले.

फाटकाशीच बुढीमाय भेटली. काय म्हणाली धाकटी, असं तिने विचारलं. मी लुगड्याचं सांगितलं. बुढीमाय आत गेली, ओळीभर ते सांगत गेली, आणि एकेक बाई फळीवरून उठली. थोड्या वेळात सगळ्या शेडच्या दाराशी शेंदरी दगडापुढे मांडी घालून बसल्या होत्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. इंजिन चालू, दांडा चालू, रेचे रिकामेच खडखडत होते. मी साहेबांना सांगितलं, "ती येत नाही. अपघात गंभीर आहे." "जखमेशिवाय?" ते म्हणाले. "हो, जखमेशिवाय," मी म्हटलं. आयुष्यात मी पुष्कळ भांडले, पण इतक्या शांतपणे कधीच नाही. साहेबांनी शेठजींना निरोप पाठवला.

शेठजी पूजेवरून उठून तसेच आले, कपाळावर गंध ओलं. गोरेगोमटे, मऊ बोलणारे, मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघत चालणारे. बायांना त्यांनी नमस्कार केला. बुढीमाय उठून उभी राहिली.

"मालक, बोकड द्या लागते."

शेठजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "अरे बुढीमाय, ये क्या बोलती? जीवहत्या? आपल्या आवारात? अन् मेलं तं कोणी नाही ना!"

"मेली असती तं द्याले लागला असता का नाई?"

"तं मेलीच नाही ना."

"जुनेर होतं म्हून. आता तिच्या आंगावर नवं हाय." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या बाईले पुसा. वढून पाहून आल्या."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी नुसते हात पुढे केले. बोटांवरचे वळ अजून दिसत होते. शेठजींनी ते पाहिले. मग पहिल्यांदाच ते शेडमध्ये शिरून बोळापर्यंत गेले. दांड्यावर लुगड्याच्या चिंध्या अजून फिरत होत्या. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"बोकड मी नाही देऊ शकत," ते म्हणाले. हात जोडून म्हणाले. "माझ्याच्यानं होणार नाही. दुसरं काही सांग."

बुढीमायने जरा विचार केला. तिची स्वतःची जमीन नव्हती, पण जन्म शेतात गेला होता. "मंग मुसकं बांधा," ती म्हणाली. उभ्या पिकात डवरा, म्हणजे कोळपं, हाकताना बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात, ते मुसकं. "बैलाले बांधतो का नाई आपन? तसं ह्याले बांधा, अथपासून तथपर्यंत. खायाले बी द्यायचं नाई अन् तोंड बी बांधायचं नाई, असं कसं जमन, मालक?"

मला अजून वाटतं, बोकड मिळणार नाही हे तिला आधीपासून ठाऊक होतं का? मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "नाई व बाई, मले खरंच बोकडच पायजे होता. लई दिसांत खाल्ला नवता." सगळ्या बाया खदाखदा हसल्या आणि मीही. तिला मोठं शहाणपण चिकटवायला गेले की ती असं काहीतरी बोलून ते झटकून टाकायची.

शेठजींनी त्याच पावली मिस्त्रीला बोलावलं. संक्रांतीच्या दिवशी, हंगाम ऐन भरात असताना, इंजिन बंद ठेवलं. साहेबांनी थांबलेल्या कामाचा हिशेब मांडून पाहिला. शेठजी म्हणाले, बोकडापेक्षा बरं. दांड्याच्या सगळ्या लांबीला लोखंडी जाळी बसली, जमिनीपर्यंत, आणि ती अशी खिळवली की कोणाला सहज काढता येऊ नये. रुई काढायला खालून लांब दांडीचं फावडं शिरेल एवढीच फट. बायांनी दगडापुढे तिळगूळ ठेवला.

धाकटी त्याच्या दुसऱ्या दिवशी आली, चंद्रकळा नेसून. आल्याआल्या बोळात गेली आणि जाळीला हात लावून पाहिला. मग फळीवर बसली. तिची जागा तिचीच राहिली. नागपूरला कळवलं गेलं, गंभीर म्हणून. महिन्याभराने इन्स्पेक्टर आले, तरुण होते. त्यांना जखमच सापडेना. "मग गंभीर कशावरून?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "लुगडं जुनं होतं म्हणून." ते हसले नाहीत. जाऊन जाळी दोन्ही हातांनी गदागदा हलवली आणि साहेबांना म्हणाले, ही अशीच राहू द्या.

पुढे पासष्टच्या सुमाराला माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले, संसारात पडले. त्या जिनात मी काय शिकवलं ते काही आठवत नाही. शिकले ते मात्र रोज उपयोगी पडलं. माझी मुलं पडली, भाजली, विहिरीच्या काठावर चढली, तेव्हा मी काय लागलं ते तर पाहिलंच, पण काय लागणार होतं तेही पाहिलं. काठावरून सुखरूप उतरलेल्या मुलाला पोटाशी घेतलं आणि त्याच दिवशी विहिरीला कठडा बांधायला लावला. नवरा म्हणायचा, पडलं तर नाही ना कोणी? ह्या एका गोष्टीसाठी मी त्या बायांची जन्माची ऋणी आहे, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही असंही नाही. निरोप घेताना सांगितलं. बुढीमायने माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

पण ऋण खरं कशाचं, ते सांगायचं राहिलं. जाळी बसल्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. हंगाम संपत आला होता. धाकटीचं पोर सकाळपासून तापलं होतं, काही केल्या रडायचं थांबेना. तिला बोलावून घ्यायला माणूस नव्हतं, म्हणून मीच पोराला खांद्यावर टाकून शेडमध्ये गेले. घाईघाईने बोळातून. पोर किंचाळत होतं, माझं सगळं लक्ष त्याच्याकडे. वडिलांनी अमरावतीहून पाठवलेलं नवं पातळ अंगावर होतं आणि पदर खोचलेला नव्हता. दांड्याच्या वाऱ्याने पदर उडाला आणि मला मागून हिसका बसला.

मी जागीच थिजले. वळून पाहिलं. पदर जाळीच्या एका तारेला अडकला होता. जाळीच्या आत, वीतभर अंतरावर, दांडा गरगरत होता. पोराचा एक पाय माझ्या पदरातच गुंतलेला होता.

मी एका हाताने पदर सोडवला. तारेला दोन धागे राहिले. शेवटच्या रेच्यापर्यंत कशी चालत गेले कोण जाणे. धाकटीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या पदराकडे, मग मागे जाळीकडे. तिने पोर ओढून घेतलं आणि त्याला इतकं घट्ट छातीशी धरलं की ते रडायचं थांबलं. मग तिने मला मनगटाला धरून खाली ओढलं.

"बसा बाई."

ती फळीवर सरकली. मी तिच्या शेजारी बसले. रेच्यांच्या त्या गलक्यात कोणाचं रडणं कोणाला ऐकू जात नव्हतं, म्हणून मी पोटभर रडून घेतलं. पोर दूध पिता पिता झोपी जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो, खांद्याला खांदा लावून.